निवडणुकीचा खर्च आणि आपले हळदीकुंकू

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



दरवर्षी या दिवशी आपल्यापैकी कोणी पाककृतींवर बोलते, कोणी मुलांच्या आरोग्यावर. यंदा चिटणीसबाईंनी मला विचारले तेव्हा मी म्हटले, मी आमदारकीच्या निवडणुकीच्या खर्चावर बोलेन. त्या जरा हसल्या. सातवी झालेली, सारा दिवस स्वयंपाकघरात असणारी बाई या विषयावर काय बोलणार, असे तुम्हालाही वाटत असेल. पण हिशेब आपल्याला कोणी शिकवावा लागत नाही. वाण्याची यादी, दुधाचा रतीब, मुलांची फी आणि दारी आलेला पाहुणा यांचा मेळ आपण दर महिन्याला घालतोच. निवडणुकीचा खर्च हाही हिशेबच आहे. फरक इतकाच की तिथे खर्च करणारा एक दिसतो, पैसे दुसऱ्याचे असतात, आणि तो दुसरा कोण हे वहीत सहसा नसते.

आपल्या मंडळात निरनिराळ्या पक्षांना मते देणाऱ्या बायका आहेत, त्यांचे एकमेकींशी चांगले जमते आणि ते तसेच राहावे. म्हणून कोणत्याही पक्षाचे नाव मी घेणार नाही.

आधी कायदा काय म्हणतो ते थोडक्यात सांगते. माझी भाची वकिलीचे शिक्षण घेते, तिने मला तो समजावून दिला. 1951 साली लोकप्रतिनिधित्वाचा कायदा झाला. त्याप्रमाणे उमेदवाराने आपल्या खर्चाची वही ठेवायची आणि निकालानंतर तीस दिवसांच्या आत तो हिशेब जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे द्यायचा. हिशेब दिला नाही तर निवडणूक आयोग त्याला तीन वर्षे निवडणुकीला अपात्र ठरवू शकतो. खर्चाला मर्यादाही आहे. महाराष्ट्रासारख्या मोठ्या राज्यात विधानसभेच्या उमेदवारासाठी 2014 साली ती 28 लाख होती, 2020 साली 30 लाख 80 हजार झाली आणि जानेवारी 2022 मध्ये 40 लाख झाली. माझी धाकटी जाऊ गोव्याची. तिकडे राज्य लहान, म्हणून मर्यादा 28 लाख.

चाळीस लाख म्हटले की आपले डोळे विस्फारतात. मी मात्र त्याचा भागाकार करून पाहिला. 2024 च्या विधानसभा निवडणुकीत राज्यात सुमारे 9 कोटी 70 लाख मतदार होते आणि जागा 288. म्हणजे एका मतदारसंघात सरासरी तीन लाख सदतीस हजार मतदार. चाळीस लाखांना त्याने भागले की एका मतदारामागे बारा रुपये येतात. बारा रुपयांत चौकातल्या टपरीवर एक चहा मिळतो. कायद्याच्या हिशेबाने उमेदवाराने तुम्हाआम्हाला फार तर एक चहा पाजावा, बिस्किटही नाही. आता प्रत्येकीने गेल्या निवडणुकीच्या वर्षात आपल्या घरी काय काय आले ते मनातल्या मनात आठवावे. मोठ्याने सांगू नका, इथे जावा-नणंदा बसल्या आहेत.

सरकार या बाबतीत झोपलेले असते असे मात्र नाही. मला आधी तसेच वाटे. उमेदवाराला निवडणुकीसाठी बँकेत वेगळे खाते उघडावे लागते. एका माणसाला दहा हजारांच्या वर रक्कम द्यायची तर ती रोखीने देता येत नाही. आयोग बाहेरून खर्च निरीक्षक पाठवतो, सभांचे चित्रीकरण होते, आणि उमेदवाराच्या वहीशेजारी सरकार आपली दुसरी वही ठेवते. दोन्ही ताडून पाहतात. जिल्ह्यात दरपत्रकही काढतात. त्यात चहा, वडापाव, जेवणाचे ताट, प्लॅस्टिकची खुर्ची, मंडप, हार, फेटा, भोंग्याची रिक्षा, सगळ्याचे दर असतात. उमेदवार म्हणाला की चहा मला फुकट मिळाला, तरी तो दराप्रमाणे त्याच्या खात्यावर चढतो. हे वाचून मला फार बरे वाटले. इतका काटेकोर हिशेब तर आपल्या घरच्या लग्नातही कोणी ठेवत नाही.

उत्तर प्रदेशात 2007 साली बिसौली मतदारसंघातून निवडून आलेल्या एका आमदारबाईंनी वर्तमानपत्रात बातमीच्या रूपाने छापून आणलेल्या जाहिरातीचा खर्च दाखवला नव्हता. 2011 साली आयोगाने त्यांना तीन वर्षांसाठी अपात्र ठरवले. तेव्हा कायद्याला दात आहेत. पण ते केव्हा उगवतात आणि केव्हा गळतात, ते पाहण्यासारखे आहे.

कायदा खर्च मोजतो तो उमेदवारी अर्ज भरल्या दिवसापासून निकालाच्या दिवसापर्यंतचा. 2024 साली आपल्याकडे अर्ज भरायला सुरुवात झाली 22 ऑक्टोबरला, मतदान झाले 20 नोव्हेंबरला आणि निकाल लागला 23 नोव्हेंबरला. म्हणजे फार तर तेहतीस दिवस. अर्ज शेवटच्या दिवशी, 29 ऑक्टोबरला, भरला तर सव्वीसच. पत्रके आधी छापून ठेवली आणि अर्ज भरल्यावर वाटली तर ती हिशेबात धरतात, हे खरे. पण जे आधीच वाटून, खाऊन, नेसून झाले त्याचे काय? त्या वर्षी संक्रांत जानेवारीत, दहीहंडी ऑगस्टात, गणपती सप्टेंबरात आणि नवरात्र ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात झाले. हे सगळे सण तेहतीस दिवसांच्या बाहेर.

एखाद्या वधूपित्याने म्हणावे, माझ्या मुलीचे लग्न अगदी साधे झाले, खर्च हळदीपासून वरातीपर्यंतचाच मोजा. साखरपुडा, बस्ता, दागिने, मानपान हे सारे महिनाभर आधी उरकले होते, ते यात धरू नका. आपण त्याला काय म्हणू? निवडणुकीचा कायदा मात्र त्याचे म्हणणे मान्य करतो.

आता हळदीकुंकवाकडे येते. निवडणुकीच्या आधीच्या संक्रांतीला देवीच्या चौकापलीकडच्या मैदानावर मोठा समारंभ झाला, तो तुम्हाला आठवत असेल. मी गेले होते, आपल्यापैकी पुष्कळजणी होत्या. पैठणीचे खेळ झाले, गाणी झाली, निवेदक पुण्याहून आला होता. वाण म्हणून प्रत्येकीला स्टीलचा झाकणाचा डबा मिळाला आणि डब्यावर इच्छुक उमेदवाराचा सपत्नीक फोटो चिकटवलेला होता. तो फोटो कोमट पाण्यात रात्रभर भिजवला तरी निघत नाही, हे इथल्या अनेकींना ठाऊक आहे. मी खुर्च्यांच्या रांगा मोजल्या. दीड हजार बायका सहज होत्या. बाजारात त्या डब्याचा भाव विचारला, दीडशे रुपये. घाऊकीत थोडा कमी पडला असेल, पण वर अल्पोपाहार होता, तेव्हा दीडशेच धरू. म्हणजे निव्वळ वाणाचे सव्वादोन लाख झाले. मंडप, दिवे, ध्वनिक्षेपक, पैठण्या आणि निवेदकाचे मानधन वेगळे. असे कार्यक्रम मतदारसंघात गावोगाव झाले. नुसत्या डब्यांच्या हिशेबाने अठरा कार्यक्रम झाले की चाळीस लाखांची मर्यादा ओलांडली जाते, आणि तेव्हा उमेदवारी अर्जाला नऊ महिने अवकाश होता.

निकालानंतर महिना-दीड महिन्याने मी, खजिनदारबाई आणि आणखी एक सभासद अशा तिघी जिल्ह्याच्या गावी कचेरीत गेलो. निवडणुकीच्या नियमांत अठ्ठ्याऐंशीवा नियम आहे. एक रुपया फी भरून कोणालाही उमेदवाराचा हिशेब पाहता येतो. कोणालाही, म्हणजे तुम्हालाही. कारकुनाने आधी इंटरनेटवर बघा म्हणून सांगितले. खजिनदारबाईंनी पाकिटातून रुपयाचे नाणे काढून टेबलावर ठेवले आणि म्हणाल्या, आम्हाला कागद बघायचा आहे. मग त्याने खुर्च्या दिल्या. भला माणूस होता.

मी तासभर ती पाने वाचली. हिशेब सुबक होता. इतके चहा, इतके वडापाव, इतक्या खुर्च्या दोन दिवसांच्या भाड्याने, रिक्षा, पत्रके, हार. बेरीज मर्यादेच्या पुष्कळ आत. डबे कुठेच नव्हते. मी तिथल्या अधिकाऱ्यांना विचारले तेव्हा ते शांतपणे म्हणाले, बाई, या नमुन्यात त्याला रकानाच नाही. त्यांनी काही लपवले नव्हते, उमेदवारानेही या कागदावर काही खोटे लिहिले असे मला म्हणता येणार नाही. सारे नियमाप्रमाणे होते. मला त्याचेच जास्त वाईट वाटले.

ही गोष्ट नेतेमंडळींना ठाऊक नाही असे नाही. 2013 साली मुंबईत एका समारंभात गोपीनाथ मुंडे, निवडणुका किती महाग झाल्या आहेत हे सांगण्याच्या ओघात, आपल्या 2009 च्या लोकसभा निवडणुकीला आठ कोटी रुपये लागले असे बोलून गेले. तेव्हा लोकसभेची मर्यादा 25 लाख होती. आयोगाने त्यांना लगेच नोटीस पाठवली. ते आज हयात नाहीत. मला तर वाटते, त्यांनी बोलून दाखवले एवढेच, न बोलणारे पुष्कळ असतील.

आणखी एक वाट आहे. उमेदवाराला मर्यादा आहे, पक्षाला नाही. सर्वोच्च न्यायालयाने 1974 साली दिल्लीच्या एका मतदारसंघाच्या खटल्यात सांगितले होते की पक्षाने उमेदवारासाठी केलेला खर्चही त्याच्याच खात्यावर धरावा. सरळ न्याय होता. पण त्याच महिन्यात सरकारने वटहुकूम काढून तो निकाल निष्प्रभ केला. 2003 साली कायदा थोडा सुधारला, तरी मोठ्या पुढाऱ्यांचा प्रवास अजून उमेदवाराच्या खात्यावर चढत नाही. मान्यताप्राप्त पक्षाला असे चाळीस पुढारी नेमता येतात. हेलिकॉप्टर आपल्या शाळेच्या मैदानावर उतरते, धुरळा आपल्या वाळवणावर बसतो, आणि उमेदवाराच्या वहीत त्याचा उल्लेख नसतो.

हा पैसा येतो कोठून? मुंबई उच्च न्यायालयात 1957 साली एका मोठ्या कंपनीने राजकीय पक्षाला देणगी द्यावी की नाही, असा प्रश्न आला होता. मुख्य न्यायमूर्ती छागला यांनी परवानगी दिली, पण लोकशाहीला यापासून मोठा धोका आहे असा इशाराही दिला. त्यानंतर 1969 साली कंपन्यांच्या देणग्यांवर बंदी आली, 1985 साली ती उठली, पुढे नफ्याच्या ठराविक टक्क्यांची मर्यादा राहिली आणि 2017 साली तीही काढली. 2018 साली निवडणूक रोखे आले. त्यात देणाऱ्याचे नाव जनतेला कळायचे नाही अशी सोय होती. सहा वर्षांत सोळा हजार कोटींहून अधिक रुपये त्या वाटेने गेले. 15 फेब्रुवारी 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते रोखे घटनाबाह्य ठरवले आणि नावे प्रसिद्ध करायला लावली. आपल्या घरी मुंजीत दहा रुपयांचे पाकीट आले तरी आपण वहीत नाव लिहितो, कारण तो आहेर केव्हा ना केव्हा परत करायचा असतो. ज्याने कोटीचा आहेर केला त्याचे नाव पाहुण्यांना कळू नये, यजमानाला तेवढे माहीत असावे, ही रीत कोणत्या घरची?

या मोठ्या रकमा राजधानीतल्या झाल्या. तालुक्याच्या उमेदवाराला पैसा पुरवणारे जवळचे असतात. मी कोणावर आरोप करीत नाही, माझ्याजवळ पुरावा नाही. पण आपल्या पेठेतला रस्ता एका पावसाळ्यात उखडतो, पुन्हा तोच होतो आणि पुन्हा उखडतो, तेव्हा मला आहेराची वही आठवते. स्टीलचा डबा आपण दीडशे रुपयांना घेतला असता तर तो स्वस्त पडला असता असे वाटते.

या खर्चाचा सर्वांत मोठा तोटा बायकांना होतो, आणि तो कोणी बोलत नाही. आपल्या मंडळातली एक भगिनी, जिने नळाच्या प्रश्नावर तीन वर्षे अर्ज-विनंत्या केल्या, तिला उमेदवारीबद्दल विचारायला एकदा माणसे आली होती. पहिलाच प्रश्न, ताई, तुम्ही किती खर्च कराल? तिच्या कामाविषयी कोणी विचारले नाही. ती म्हणाली, माझ्याकडे पाच तोळे सोने आहे. माणसे चहा घेऊन गेली, पुन्हा आली नाहीत. 2024 साली 288 आमदारांत बायका पंचवीससुद्धा नव्हत्या. यात आपल्या हुशारीचा दोष किती आणि तिजोरीचा किती, हे तुम्हीच ठरवा.

पैशाशिवाय निवडून येताच येत नाही असेही नाही. मृणाल गोरे पाण्यासाठी आणि महागाईविरुद्ध बायकांना घेऊन रस्त्यावर उतरल्या आणि 1972 साली विधानसभेत गेल्या. सांगोल्याचे गणपतराव देशमुख अकरा वेळा आमदार झाले, आणि ते एस.टी.ने प्रवास करीत. अशी माणसे थोडी आहेत, पण आपल्याच राज्यातली आहेत.

काहीजणी म्हणतात, घरी आलेली लक्ष्मी परत का पाठवावी, वस्तू घ्यावी आणि मत मनास येईल त्याला द्यावे. कायद्याचे सांगायचे तर मतासाठी लाच देणे हा जसा गुन्हा आहे तसाच ती घेणे हाही आहे. नव्या न्यायसंहितेत, जी 1 जुलै 2024 पासून लागू झाली, त्याला वर्षापर्यंत कैद सांगितली आहे. नुसत्या खाण्यापिण्याला फक्त दंड. पण मला कायद्याची भीती घालायची नाही. जी बाई दिवसाच्या मजुरीवर जगते, ती सभेला गेली आणि रोज घेऊन आली तर मी तिला बोल लावणार नाही, तिचा त्या दिवसाचा चुलीचा प्रश्न होता. आपले तसे नाही. आपल्या घरात डबे आहेत. दिवाळीला माळ्यावरून काढले तर मोजायला जागा पुरत नाही.

कोणी विचारेल, मग 2024 साली निवडणुकीआधी सरकारने बहिणींना दरमहा दीड हजार द्यायला सुरुवात केली ते काय? ते सरकारी तिजोरीतले, विधिमंडळाने मंजूर केलेले पैसे. त्याची वेळ पाहून कोणाला काही वाटले तर वाटो, पण तो हिशेब सर्वांपुढे आहे. डब्यांचा हिशेब कोणापुढेच नाही. या दोन गोष्टी मी एकात मिसळत नाही.

आता घरचा विषय. कार्यकारिणीपुढे एक प्रस्ताव आला आहे, तो तुमच्या कानावर गेलाच असेल. पुढच्या निवडणुकीला उभे राहू इच्छिणाऱ्या एका गृहस्थांनी निरोप पाठवला आहे की मंडळाच्या खोलीवरचे पत्रे ते बदलून देतील, दोन शिलाई यंत्रे देतील आणि संक्रांतीचे हळदीकुंकू मंडळाच्या नावाने थाटात करतील. फलक तेवढा त्यांचा. गृहस्थ वाईट आहेत असे मी ऐकलेले नाही. पत्रे गळतात हे तर खरेच, गेल्या श्रावणात मंगळागौरीचे जागरण आपण बादल्या मांडून केले. तरी मी कार्यकारिणीत नको म्हटले आहे आणि इथेही म्हणते. त्यांना द्यायचेच असेल तर इतर हितचिंतकांप्रमाणे धनादेशाने द्यावे, पावती घ्यावी, रक्कम या स्मरणिकेत इतरांच्या नावांखाली त्याच टाइपात छापू. फलक नाही, फोटो नाही, हळदीकुंकू नाही. हळदीकुंकू आपले आहे. त्यात एकीने दुसरीला कुंकू लावायचे असते, मध्ये उमेदवार कशाला?

कोणी म्हणेल, मग पत्र्यांचे काय? मी पत्रेवाल्याकडून अंदाज आणला आहे. मजुरीसह 85,000 रुपये. मंडळाच्या इमारत निधीत 31,400 आहेत. राहिले 53,600. आपण सभासद 112 आहोत, म्हणजे प्रत्येकीच्या वाट्याला 480 रुपयांच्या आसपास येतात, आणि तेही एकदम नकोत. ज्यांना ते जड जातील त्यांनी दिवाळीच्या फराळाच्या कामाला चार दिवस यावे, गेल्या वर्षी चकलीची मागणी आपल्याला पुरी करता आली नव्हती. यंत्रे पुढच्या वर्षी पाहू.

निधीची वही टेबलावर ठेवली आहे, कोणीही उघडून पाहावी, आपण एक रुपयाही फी घेत नाही. खजिनदारबाई पावतीपुस्तक घेऊन दाराजवळ बसल्या आहेत.